वरून प्यालेलं पाणी

मी पेला बोलतोय. स्टीलचा, साधा. आवाज बारीक आला तर समजून घ्या. बरेच महिने कोनाड्यात बसून होतो, आणि बसून बसून भांडंही थकतं.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, पण मी आयुष्य धरतो ते दिपालीच्या लग्नापासून. मंगळवेढ्याच्या दुकानात तिच्या मामाने, धोंडप्पाने, मला घेतलं आणि पोटावर टिंबाटिंबांनी नाव घालून घेतलं : 'चि. दिपाली हिस, मामाकडून'. सासरी मी सगळ्यांचा होतो. कुणी चहा प्यायचं, कुणी ताक. विसळलं की पुन्हा मांडणीवर.

मग तिचा नवरा आजारी पडून वारला. त्याला एचआयव्ही होता. रक्त तपासलं तेव्हा कळलं, दिपालीलाही आहे. सासरच्यांनी तिला माहेरच्या खेड्यात पाठवलं. सोबत कपड्यांची पिशवी, गोळ्या आणि मी.

माहेर मेंढरांवर जगणारं. कळपात एखादं आजारी दिसलं की त्याला वेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायचं ही तिथली जुनी रीत. दिपालीच्या आईने, राजाबाईने, लेकीचंही तेच केलं. तिचं अंथरूण घरामागच्या छपरात गेलं. तिथे आधीच तिचा आजा, बिरुदेव, खोकत पडला होता. मला तिथला कोनाडा मिळाला. राजाबाई माझ्यात पाणी ओतायची ते हातभर उंचावरून. माया कमी नव्हती; भाकरीवर तूप रोज असायचं. फक्त हात जवळ येत नव्हता.

"आपुन दोगं वाघरीतली मेंढरं, पोरी," आजा हसायचा आणि हसता हसता खोकायचा.

"गप पडा की आज्या. मेंढरं लई बरी, बडबडत तर न्हाईत."

दिपाली गोळ्या चुकवत नव्हती. त्या माझ्याच पाण्याने घशाखाली जायच्या, मला ठाऊक. तरी ती वाळत चालली. संध्याकाळी ताप, मग घाम, मग खोकला. घरात म्हणू लागले, त्याच रोगानं धरलं.

अशात सोलापूरहून गावात नवी सिस्टर आली, चैताली. दिपालीला बघायला ती छपरात शिरली आणि आजाकडे वळली.

"बाबांना हा खोकला कधीपासून?"

"म्हाताऱ्याचा खोकला त्यो. दिवाळीपासनं हाय," राजाबाई म्हणाली.

सिस्टरने दोन्ही अंथरुणांकडे पाहिलं. "मावशी, पाय मोडलेलं मेंढरू आणि लाळ-खुरकुतीचं मेंढरू, दोन्ही एका वाघरीत घालता का?"

"येडी का काय तू! मोडक्यालाबी लागंल की."

"मग इथं काय केलंत?"

सिस्टरने समजावून सांगितलं. दिपालीचा आजार पेल्यातून, ताटातून, शेजारी झोपून लागत नाही. तो रक्तातून जातो, शरीरसंबंधातून जातो, आईकडून बाळाला जाऊ शकतो. पण तो अंगातली ताकद खातो, म्हणून दुसरे रोग तिला चटकन धरतात. आजाचा खोकला टीबीचा असला, तर तो हवेतून येतो, भांड्यातून नाही. "तिच्यापासून तुम्हाला काही भीती नव्हती, मावशी. भीती तिलाच होती, या खोकल्यापासून."

दोघांची थुंकी तपासली. दोघांनाही टीबी निघाला.

"माजं लेकरू मीच कोंडलं, व्हय?" राजाबाईने विचारलं. सिस्टरने सोलापूरच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

आता मी सोलापुरात आहे, दवाखान्यातल्या खाटेशेजारी. आजा घरी औषध घेतोय. दिपालीचा ताप कधी उतरतो, कधी चढतो. डॉक्टर म्हणतात, वाचेल, पण वेळ लागेल.

काल राजाबाई एसटीने आली. तिने लेकीचं अंग पुसलं, वेणी घातली, पाठीला टेकू देऊन बसवलं. इतक्या महिन्यांनी तिचे हात लेकीला लागले. मग राजाबाईलाच तहान लागली. जवळ दुसरं भांडं नव्हतं. तिने मला उचललं, भरलं, माझ्या काठाकडे बघत राहिली. मग मान मागे टाकून ती वरूनच पाणी प्याली. ओठ लागू दिला नाही. अर्धं पाणी पदरावर सांडलं.

दिपालीने डोळे मिटून घेतले. तिने पाहिलं होतं.

राजाबाई, तू मला हातात धरलंस, हे थोडं नाही. पण मी दमलोय गं, आणि तुझी लेक माझ्याहून दमलीय. माझ्या काठाला तिचे ओठ लागलेत, दुसरं काही नाही. पुढच्या खेपेला मान मागे टाकू नकोस. आणि ती जागी असेल तेव्हाच पी.