मेण लावलेली छागल

माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, जिथे दोन शिवणी मिळतात, तिथे पाण्याचा एक थेंब जमतो. आधी कापड काळपट होते. मग त्यावर टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा येतो, तो वाढत ज्वारीच्या दाण्याएवढा होतो आणि सुटतो. भाईंदर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलला टांगलेली असताना मी हा वेळ पुष्कळदा मोजला आहे. उन्हाळ्यात साधारण चाळीस सेकंद. पावसाळ्यात पंचवीस.

या थेंबापायी माझी बरीच बदनामी झाली.

मित्रांनो, मी एक जुनी छागल आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी वस्तू पाहिलीही नसेल. जाड कापडाची पाण्याची पिशवी, एका कोपऱ्याला तोंड, तोंडात लाकडी बूच आणि वर टांगायला दोरी, एवढीच माझी रचना. मला वीज लागत नाही. माझ्यातले थोडे पाणी कापडातून बाहेर झिरपते, हवेत उडून जाते आणि जाताना आतली उष्णता घेऊन जाते. मागे राहते ते पाणी गार होते. म्हणजे झिरपणे हेच माझे काम आहे. हे मी कुणाची माफी न मागता सांगते.

माझा जन्म जालन्याचा. मोंढ्याजवळ ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारागिराने मला दुहेरी दोऱ्याने शिवले आणि विकण्याआधी एक दिवस हौदात बुडवून ठेवले. पाणी प्यायल्यावर कापडाचे धागे फुगतात आणि वीण घट्ट होते. त्याशिवाय छागल कामाची होत नाही. मला नानासाहेबांनी घेतले. ते कालव्यांच्या मोजणीवर साखळी ओढायचे काम करत. मोजणीच्या जीपला पुढच्या बाजूला मला टांगत आणि आम्ही दिवसभर उघड्या माळावर फिरत असू. वैशाखात बाहेर बेचाळीस अंश असले तरी माझ्यातले पाणी दाताला लागे.

त्या तुकडीतले दोघे जण नानासाहेबांच्या हातचे पाणी घेत नसत. कारण सगळ्यांना माहीत होते, बोलत कुणी नसे. त्यांचा स्वतःचा प्लास्टिकचा कॅन होता. दुपारी दोनला त्यातले पाणी चहाएवढे गरम झाले, की ते माझ्याकडे पाहत आणि मान फिरवत. एकदा त्यांतला थोरला जीपजवळ येऊन नुसताच उभा राहिला.

नानासाहेब म्हणाले, "तहान लागली असंल तर बूच काढा आन् प्या. मी काय हात जोडून आग्रह करणार न्हाई. कॅन हायेच तुमचा."

तो प्यायला. नानासाहेबांनी पाहिले आणि साखळी उचलून कामाला लागले. त्या दिवसापासून मला माझी किंमत कळली आहे. ती पुढे कुणी कितीही कमी केली तरी मी ती मान्य केली नाही.

नानासाहेबांची मुलगी वैजयंता. वनस्पतिशास्त्र शिकलेली, कमी बोलणारी, आणि बोलण्याआधी मोजून पाहणारी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिच्या वर्गाची सहल राजस्थानच्या वाळवंटात गेली होती, फाल्गुनात, फुलांचा हंगाम पाहायला. वैजयंताची तेव्हा सोयरीक ठरत होती, म्हणून तिला पाठवले नाही. तिची मैत्रीण मृणालिनी गेली. ती परतली तेव्हा एका वहीभर फुले दाबून घेऊन आली, आणि काही वर्षांनी तिकडेच राहायला गेली. तिथल्या झुडपांचे आणि गवतांचे बियाणे गोळा करायचे, ते रुजवून पाहायचे, हे तिचे काम झाले.

वैजयंता लग्न करून भाईंदरला आली आणि मला सोबत घेऊन आली. एका शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून तिने तीस वर्षे नोकरी केली. दर फाल्गुनात मृणालिनीचा फोन येई.

"वैजू, रोहिडा फुललाय. येतेस का? नुसती बघायला नाही, राहायला ये. बिया निवडायला तुझ्यासारखं माणूस पाहिजे मला."

"पुढच्या वर्षी बघू," वैजयंता म्हणे. "बोर्डाची प्रॅक्टिकल्स चालू आहेत."

ते खोटे नव्हते. प्रात्यक्षिक परीक्षा नेमक्या वसंतातच येतात. पुढे परीक्षा नसल्या तर मुलगा उदय आजारी असे, मग उदयचे लग्न निघाले, मग नात सान्वी झाली. नवरा गेला त्या वर्षी मृणालिनीने विचारले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारले.

आणि मी? मी ग्रिलला टांगलेली. मित्रांनो, भाईंदरच्या दोन्ही बाजूंना खाडीचे पाणी. इथली हवा आधीच ओली असते. माझे पाणी ती घेणार कुठे? वैजयंताने एकदा शाळेतला थर्मामीटर आणून मोजले. बाहेर तेहतीस अंश, माझ्या आत एकतीस. तिने ते आकडे वहीत लिहिले आणि माझ्या अंगावरून हात फिरवला. घरातल्या बाकीच्यांनी मात्र मला नापास केले. आणि जे पाणी हवेत जायचे, ते खाली दुसऱ्या मजल्यावरच्या मंदावहिनींच्या दोरीवर पडू लागले.

"ओ वैजयंताताई! तुमची ती पिशवी परत रडतेय हां! माझी बेडशीट बघा. तिला एक तर बादलीत ठेवा, नाय तर भंगारवाल्याला द्या!"

मग मला रिकामे करून माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. अकरा वर्षे मी चिमटे सांभाळले. पण मी बिघडले नव्हते. मला चुकीच्या हवेत टांगले होते.

वैजयंता निवृत्त झाली आणि पुढच्या वर्षी होळीच्या सुट्टीला जोडून जैसलमेरकडे जायचे ठरले. चारच दिवस. सुनेला, दिव्याला, मार्चअखेर रजा नव्हती. उदय आणि सहावीतली सान्वी सोबत निघाले. वैजयंताने चिमटे काढून मला धुतले आणि रात्रभर बादलीत भिजत घातले. त्या बादलीशेजारी बसून ती फोनवर मृणालिनीला हळूच म्हणाली, "घरी अजून बोलले नाही. पण या वेळी थांबायचा विचार आहे. आषाढापर्यंत." तिने तो विचार बरोबर नेला, आणि तो मला ठाऊक होता.

आता उदयबद्दल. उदय इमारतींच्या वॉटरप्रूफिंगचा सुपरवायझर आहे. त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी असतात, गळणाऱ्या आणि दुरुस्त केलेल्या. मुलगा प्रेमळ आहे. आईची आवडती वस्तू प्रवासात गळून तिची फजिती होऊ नये, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला वाळवले, मेण वितळवले आणि ब्रशने माझ्या अंगाला दोन हात दिले. शिवणींवर तिसराही दिला.

"आई, सरप्राइज!" तो म्हणाला. "एकदम सील केलंय. आता बघ, एक थेंब निघाला तर नाव बदलीन."

वैजयंताने मला हातात घेतले. नखाने एक कोपरा खरवडून पाहिला. तिला सगळे समजले, हे मला तिच्या बोटांवरून कळले.

"छान केलंस रे," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. मित्रांनो, खरे सांगते, इतका राग मला मंदावहिनींचाही आला नव्हता.

मृणालिनीची बियाण्यांची खोली एका वस्तीच्या टोकाला आहे. दार उघडले की पुढे वाळू, मध्ये मध्ये झुडपे आणि खूप लांबवर आकाश. मला दाराबाहेरच्या खुंटीला अडकवले. अशी हवा मला जालन्यानंतर प्रथमच भेटत होती. कोरडी, हलकी, चारी बाजूंनी ओढणारी. ती माझ्याकडे पाणी मागत होती आणि मला देता येत नव्हते. दुपारी सान्वीने माझे बूच काढून घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"शी! आजी, हे तर गीझरचं पाणी आहे!"

"कापडाचंच आहे ना, त्यात कितीसं गार होणार?" उदय म्हणाला. "मी सांगत होतो, थर्मास घेऊ."

मृणालिनीने माझ्या अंगावर बोट घासून वास घेतला आणि वैजयंताकडे पाहिले. वैजयंताने माझे बूच घट्ट बसवले.

त्या संध्याकाळी ते सगळे फिरायला गेले आणि मला खांद्याला लावून नेले. रोहिड्याच्या झाडावर पान शोधावे लागत होते. सगळीकडे केशरी फुले, मध्येच एखादी फांदी पिवळी. आपल्याकडे जिला नेपती म्हणतात तिच्या काटक्यांना पाने नव्हतीच, पण विटकरी लाल फुलांनी त्या भरल्या होत्या. कुठूनतरी चंडोल सरळ वर चढत जाई, गात गात थांबे आणि दगडासारखा खाली येई. एका बिळाच्या तोंडाशी काटेरी शेपटीचा जाडा सरडा बसून गळालेले फूल खात होता.

"बाबा, मगरीचं पिल्लू!"

"अगं, सांडा तो," मृणालिनी म्हणाली. "थंडीभर दार लावून झोपतो. आत्ताच उठलाय, नाश्ता चाललाय त्याचा. तुझ्या बाबांसारखा."

उदय हसला, त्याने पन्नासेक फोटो काढले. वैजयंताने एकही काढला नाही. ती एका नेपतीपाशी गुडघ्यांवर बसली, खिशातून भिंग काढले आणि एकाच फुलात किती केसर आहेत ते मोजू लागली. मोजताना ती पुटपुटत होती. मध्येच चुकली, हसली आणि पहिल्यापासून मोजू लागली. पस्तीस वर्षे उशीर झाला होता आणि तिला मुळीच घाई नव्हती. वाळूवर ऊन तिरपे झाले, शेळ्यांचा कळप पायवाटेने गेला, तरी ती उठेना. तिला इतके सुखात मी कधी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदय आणि सान्वी उंटावर बसायला गेले. वैजयंताने मोठ्या पातेल्यात पाणी उकळले, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि मला त्यात बुडवले.

"दुखावेल ना तो," मृणालिनी म्हणाली. पण तिने चुलीत आणखी एक लाकूड सारले.

"दुखावेल," वैजयंता म्हणाली.

मेण सुटून वर आले. पाणी निवल्यावर तिने ते सायीसारखे उचलून बाजूला ठेवले आणि मला पुन्हा बुडवले. तीन वेळा. मग मला पिळून, ताजे पाणी भरून खुंटीला टांगले. माझे धागे फुगले. थोड्या वेळाने कापड काळपट झाले. कोपऱ्यात थेंब जमू लागला, पण तो सुटेना. मोठा होण्याआधीच हवा त्याला उचलून नेत होती. दुपारी दोनला वैजयंताने थर्मामीटर लावला. बाहेर छत्तीस, माझ्या आत बावीस.

उदय परतला, घामाने निथळत. तो माझे पाणी प्यायला, थांबला, पुन्हा प्यायला. मग त्याने माझ्या ओल्या अंगाला हात लावला.

"मेण काढलंस?"

"हो."

"मला आधीच सांगायचं ना, आई. मी मेहनत केली होती."

"सांगायला हवं होतं," वैजयंता म्हणाली. "माझं चुकलं."

त्याने बूच हातात फिरवले. मग, "पण मानलं हां. फ्रीजला भारी," म्हणाला आणि तिसऱ्यांदा प्यायला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरी असतील, तर त्यांना जपायच्या आधी एवढे विचारा, की ही कशासाठी केली आहे. काचेच्या कपाटात ठेवणे, तेल लावणे, भोके बुजवणे हे सगळे प्रेमाने होते, मी नाकारत नाही. पण मला नुसते जपू नका. मला वापरा. मी फाटले तर फाटले. मी झिरपेन, आणि ज्याला ते चालत नसेल त्याने आपली चादर दुसरीकडे वाळत घालावी.

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली. मी खुंटीवरच होते. उदयने सान्वीची सॅक मागे टाकली, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि हात झटकत दाराशी आला.

"आई, तुझी बॅग?"

"आत आहे."

"आणतो."

"राहू दे."

तो थांबला. सान्वी जीपमध्ये चढता चढता वळली. मृणालिनी सुपात बिया पाखडत होती, तिने सूप खाली ठेवले.

"वैजू," ती म्हणाली, "दर वर्षी विचारते, आजही विचारते. थांबतेस का?"

"मावशी, तिला कुठे आता," उदय हसत म्हणाला. "दोन दिवसांत करमेनासं होईल तिला. घरी सान्वीचं सगळं तीच बघते. माझा डबा, दिव्याच्या शिफ्ट... आणि ऊन बघा ना इथलं. नाही जमायचं तिला."

वैजयंताने चष्मा काढला. पदराने दोन्ही काचा पुसल्या. उजवी एकदा, डावी दोनदा. मला वाटले, आता ती म्हणेल, छान केलंस रे.

"सान्वी सहावीत आहे," ती म्हणाली. "कुलूप उघडता येतं तिला, आणि तू चाळीस माणसांवर देखरेख ठेवतोस, तुला कुकर लावता येईल."

"आई, अगं, पण..."

"माझ्या वतीनं बोलू नकोस, उदय. मी बोलतेय." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सरळ त्याच्याकडे पाहिले. "मी येत नाहीये. आषाढापर्यंत मी इथेच राहून काम करणार आहे, आणि दर फाल्गुनात येणार आहे."