जिनिंगमधली पिंपं

रविवारी मुलगा ऋत्विक घरी आला की गीताबाई त्याचे कपडे स्वतः धुवायला घ्यायची. त्या रविवारी शर्ट बादलीत टाकताना तिचा हात थबकला. दारूचा वास होता. हलकाच, पण ज्या बाईचा नवरा दारूपायी गेला, तिला तो ओळखायला शर्ट नाकाशी न्यावा लागत नाही. आणि ऋत्विक तर सांगायचा, खामगावला तेलाच्या मिलमध्ये नोकरी आहे.

तिनं त्याला काही विचारलं नाही. विचारून खरं कळत नसतं, हे नवऱ्याच्या, उकंडरावांच्या, संसारात ती शिकली होती. तिनं शेजारच्या शिवमला गाठलं. तो खामगावलाच कामाला जायचा. तो आधी चाचरला, मग म्हणाला, "काकू, ते तेलाची मिल नोहे. व्हिस्कीचा कारखाना आहे."

मंगळवारी तिनं मोताळ्याहून एसटी धरली.

कारखान्याच्या फाटकाशी रिक्षातून उतरली आणि ती गोंधळलीच. या जाड भिंती, हे उंच पत्रे तिच्या ओळखीचे होते. तिचं माहेर खामगावचं. लग्नाआधी ती याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला यायची. पुढे जिनिंग बंद पडली, आवारात बाभळी माजल्या, इथवर तिला ठाऊक होतं.

आत निरोप गेला. अनुपमा नावाच्या मॅडम बाहेर आल्या. कारखाना त्याच सांभाळायच्या. "ऋत्विक गोदामात आहे, मावशी. चला, तिथंच जाऊ."

"पेते का तो?" गीताबाईनं चालता चालता सरळच विचारलं.

"तुम्हीच बघा," मॅडम म्हणाल्या.

जिथं कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या, तिथं आता लाकडी पिंपं ओळीनं आडवी ठेवली होती. आत पाऊल टाकताच शर्टाचा तोच वास अंगावर आला. मॅडम सांगू लागल्या. जवापासून काढलेली दारू इथं वर्षानुवर्षं मुरते. इथल्या उन्हाळ्यात लाकडातून बरीचशी उडूनही जाते. जिनिंगच्या भिंती जाड, आत गारवा राहतो, म्हणून तर ही जागा घेतली. "तरी घरी गेल्यावर माझ्या ओढणीलाही वास येतो," त्या म्हणाल्या.

ऋत्विकची पाठ होती. त्यानं एका पिंपात लांब काचेची नळी सोडली, वर ओढली, छोट्या ग्लासात थोडं घेतलं. वास घेतला, तोंडात घोळवलं आणि बादलीत थुंकून टाकलं. गीताबाई त्याच्या हाताकडे बघत होती. उकंडरावांना सकाळी चहाची बशी धरवत नसे. ऋत्विकच्या हातातली भरली नळी जराही हलली नाही.

तो वळला. "माय, तू इथं?"

"तेलाची मिल पाहाले आली."

त्यानं मान खाली घातली. "सांगतलं असतं तर तू येऊ देलं नसतं."

"हाव, नसतंच देलं. पेतो का तू?"

"नाही. बाबाले पाह्यलं न म्या. मुरली का ते पाहाले जिभेवर घेतो अन् थुंकतो. पोटात गेली का नाकाले काही समजत नाही."

गीताबाई तिथल्याच एका फळीवर बसली, पदरानं तोंड पुसलं. रविवारपासून छातीवर बसलेला धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा, तसं तिला झालं.

मग ती म्हणाली, "पण हे बाटली कोणाच्या तरी घरी जाईनच न?"

"हाव," ऋत्विक म्हणाला. पुढे काही सारवासारव त्यानं केली नाही. इतकं सरळ उत्तर तिला उकंडरावांकडून कधी मिळालं नव्हतं.

"दुसरं काम भेटलं तर पाह्यजो. तोवर मले खोटं नोको सांगू."

"नाही सांगणार."

तो तिला स्टँडवर सोडायला निघाला. आवारातून जाताना ती एका खिडकीखाली थांबली. "अठी बसो आम्ही पोरी. बनाबाई गाणं धरे. मुकादम आला का सगळ्या चूप."

"तू अठी कामाले होती?" ऋत्विकला हे ठाऊकच नव्हतं.

मग ती सांगतच सुटली. मुकादमाची छत्री, कापसाच्या ढिगात हरवलेलं बनाबाईचं जोडवं, आणि ते शोधताना झालेला गोंधळ. स्टँडवर मोताळ्याची गाडी लागली, भरली, समोरून निघूनही गेली. ऋत्विक हसत होता, आणि गीताबाईचं बोलणं काही संपत नव्हतं.