काचेच्या खोलीतलं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. आता माझ्या अंगावर इतकं पॉलिश चढवलंय, की वाकून बघाल तर तुमचा चेहरा दिसेल. त्याला भुलू नका. मी कापड बेतायचं टेबल आहे, आणि कापडाचा स्पर्श होऊन मला किती काळ लोटला, हे आठवायचंच मी सोडून दिलं आहे.

कॉलेजसमोरच्या शिलाईच्या दुकानासाठी एका सुताराने मला घडवलं. शेवटचा खिळा ठोकून तो चक्क माझ्यावर चढून बसला आणि म्हणाला, "दुकान पडेल, हे पडायचं नाही!" त्या दुकानात समुद्रापलीकडून घरदार सोडून आलेल्या बायका जुने कपडे दुरुस्त करत. त्यांच्यातल्या सगळ्यांत थोरलीला सगळे मावशी म्हणत. खडूच्या रेघा, टाचण्यांची भोकं, इस्त्री विसरल्याचा एक तपकिरी डाग, सगळं मी अंगावर मिरवत होतो. पायाशी चिंध्यांच्या ढिगात कुणा ना कुणाचं तान्हं झोपलेलं असे. झोपेत ते हसलं, की बायका शिलाई थांबवून खाली डोकावत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग कॉलेजातल्या बाई आल्या. त्यांच्या वर्गातली काही मुलं परदेशी शिकून येत आणि उरलेली त्यांचे फोटो बघत बसत. बाईंना ते बघवेना. त्या उरलेल्यांना घेऊन थेट दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "जग बघायला विमानच लागतं असं कुणी सांगितलं? रस्ता ओलांडता येतो ना?"

मावशीची एकच अट होती. माझ्याभोवती रिकाम्या हाताने बसायचं नाही. प्रत्येकाने एक जुना कपडा घ्यायचा आणि उसवत बसायचं. हात चालू असले की माणूस आपलं गाव, आपली माणसं आपोआप सांगू लागतो, असं तिचं म्हणणं. आणि खरंच, मुलं दोरे ओढता ओढता कुठकुठल्या देशांत जाऊन येत.

एका मुलीचं नाव मावशीने बडबडी ठेवलं. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळे लांब कुठे शिकायला जाणं तिच्या नशिबात नव्हतं. तिने मावशीची भाषा धरली, ती सोडलीच नाही.

"अगं, तू बाही नाही म्हणालीस, बकरी म्हणालीस!" मावशी हसून हसून बेजार व्हायची.

"मग बकरी उसवते, मावशी. काय बिघडलं?"

वर्ष सरता सरता दोघी त्या भाषेत भांडूही लागल्या. भांडता आलं म्हणजे भाषा आलीच समजा.

पुढे मावशीला सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया लवकर करा, नाहीतर नजर जाईल. मावशी घाबरली. बडबडीला म्हणाली, "तिथे काय सांगतात ते मला कळत नाही. मी नुसती मान हलवते. तू येशील?"

"येईन म्हणजे काय! तुम्हाला आत नेईपर्यंत माझं तोंड चालू असेल."

याच सुमारास बाईंना वाटलं, एवढं छान चाललंय, तर त्याला कॉलेजात हक्काची जागा हवी. त्यांच्या मनात खोट नव्हती. काचेच्या भिंतींची खोली बांधली, दारावर 'जागतिक अनुभव केंद्र' अशी पाटी लावली आणि मला मानाने उचलून आणलं. रंधा मारून माझ्या रेघा, भोकं, डाग, सगळं काढून टाकलं. बायकांनी आता इथे यायचं ठरलं. फाटकावर ओळखपत्र दाखवावं लागतं आणि या बायकांचे कागद कायम कुठल्या तरी कचेरीत अडकलेले असतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

उद्घाटन आणि मावशीची शस्त्रक्रिया एकाच दिवशी आली. बडबडीला पाहुण्यांसमोर मावशीच्या भाषेत चार वाक्यं बोलायची होती. तिने मावशीला सांगितलं, "तुम्ही कॉलेजातच या, कार्यक्रम आटोपला की तिथूनच दवाखान्यात जाऊ." सगळ्यांचे फोन दाराशी काढून ठेवले होते. बडबडी बोलायला उभी राहिली, काचेकडे पाठ करून.

मला फाटक दिसत होतं.

मावशी आली. ठेवणीतला पोशाख, हातात दवाखान्याची पिशवी. रखवालदाराने ओळखपत्र मागितलं. तिने पिशवी उघडून दाखवली. त्याने मान हलवली. तिने आमच्या खोलीकडे बोट केलं. इकडे बडबडी मावशीच्याच भाषेत सांगत होती, "त्या दुकानात मला दुसरं घर मिळालं." टाळ्या झाल्या. "वा! आणखी थोडं बोल ना," पाहुणे म्हणाले. ती बोलली. मित्रांनो, मला चार पाय आहेत. त्यातला एकही हलला नाही.

मावशी बराच वेळ उभी होती. मग रखवालदाराने बिचाऱ्याने आत विचारावं म्हणून फोन उचलला. ज्याचे कागद जवळ नसतात, त्याला असा फोन पोलिसांनाच लागतोय असं वाटतं. मावशी पाठ फिरवून निघून गेली.

बडबडी धावत फाटकाशी पोचली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. मावशी दवाखान्यात गेलीच नाही. शस्त्रक्रियेची पुढची तारीख फार उशिरा मिळाली, तोवर नजर गेली होती. मावशी दुकानात येईनाशी झाल्यावर बायका पांगल्या आणि दुकानाला कुलूप लागलं.

"भेटलीस का गं तिला?" परवा बाईंनी विचारलं.

"गेले होते. दार वाजवलं. तिच्या भाषेत हाक मारली. आतून म्हणाली, घरात कोणी नाही." बडबडी माझ्यावर रिकामे हात ठेवून बसली होती. "तुमच्या-माझ्या भाषेत म्हणाली, बाई. परक्यांशी बोलते तशी."

मित्रांनो, तुम्ही इथे येता, आता इथे बसवलेल्या पडद्यावर दूरदेशची मुलं तुम्हाला हात हलवून दाखवतात. बोला त्यांच्याशी, जरूर बोला. पण ज्याच्याकडून शिकायचं त्याच्या दारी आपण जावं, त्याला आपल्या दारात तिष्ठत ठेवू नये, एवढं जपा. बडबडी अजूनही अधूनमधून रस्ता ओलांडते आणि मावशीच्या बंद दाराशी एकटीच उभी राहते. तिच्यासोबत कुणीतरी जा. दार उघडेल, असं मी म्हणत नाही. तरीही जा.