हिरव्या वायरची पिन

मी कूलरचा प्लग बोलतोय. खरं तर मला तोंड दाखवायला जागा नाही. पण गप्प राहिल्याने काय होतं ते मी पाहिलंय, म्हणून बोलतो.

मी जन्मलो तेव्हा मला तीन पिना होत्या. खाली दोन सारख्या, वर एक जाड आणि लांब. गोंदियाच्या एका दुकानदाराने मला लोखंडी कूलरच्या वायरला जोडलं. लाल वायर एका पिनेला, काळी दुसरीला आणि हिरवी त्या जाड पिनेला. जाड पिनेचा मला भारी अभिमान. बाकीच्या दोघी वीज आणतात-नेतात. हिचं काम वेगळं. कूलरच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती हिने मुकाट्याने जमिनीत सोडायची. घरातल्या माणसांना कळूही द्यायचं नाही.

कूलर कामठ्याला सुशिलाबाईंच्या घरी आला. घरात त्या, त्यांची सून भूमिका आणि भूमिकाची अडीच वर्षांची रुची. मुलगा भुपेंद्र रायपूरला नोकरीला, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. मे महिन्याची कामठ्याची दुपार. रुचीच्या पाठीवर घामोळ्या लालभडक उठलेल्या. सगळे माझ्याकडे आशेने बघत होते, आणि बोर्डाला भोकं दोनच.

भूमिकाने सल्ले गोळा करायला घेतले. ती तिची सवयच. नळ गळू दे, कुकरचं हँडल ढिलं होऊ दे, ती मोबाइलवर तीन व्हिडिओ बघायची, बहिणीला विचारायची, दुकानात विचारायची. दहा जणांना विचारून अकराव्याचं ऐकायची, कारण तो समोर उभा असायचा.

या वेळी समोर उभे होते शेजारचे दुर्गाप्रसाद. राइस मिलमध्ये आयुष्य काढलेले. त्यांनी मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"इतनी सी बात, बहू? वरची पिन काढून टाक. ते शोभेची राहते."

भूमिका बीएस्सी झालेली. 'हिरव्या वायरचे कार्य सांगा' हा प्रश्न तिने दहावीत आकृतीसकट सोडवला होता. ती म्हणाली, "काकाजी, ती अर्थिंगची असते ना..."

"तीस साल मिलमधी येच काम केलं आपण. मेलं का कोणी?"

सुशिलाबाई आतून म्हणाल्या, "काकाजीले शिकवून राहिली का वो? पोरगी गरमीनं लाल होऊन राहिली तिकडं."

भूमिकाचे कान तापले. स्क्रू-ड्रायव्हर तिनेच आणला, माझं झाकण तिनेच उघडलं. हिरवी वायर कापून तिच्यावर काळी टेप गुंडाळली आणि माझी जाड पिन खिडकीत ठेवली. मग मला बोर्डात खोचलं. कूलर सुरू झाला. तिने स्वतः केलेल्या दुरुस्तीचा फोटो भुपेंद्रला पाठवला. त्याने अंगठा पाठवला. ती खूश झाली, आणि लाजेने सांगतो, मीही झालो. अपंग झालो, पण चाललो.

पुढच्या उन्हाळ्यात कूलरचा पंप जुना झाला. पत्र्याला हात लावला की झिणझिण लागायची. पुन्हा दुर्गाप्रसाद आले. त्यांनी मला उपसलं, उलटं करून खोचलं आणि पत्र्यावर तळहात ठेवून दाखवला. "बघ. खतम."

खरंच झिणझिण गेली होती. लाल-काळी वायरींची फक्त अदलाबदल झाली होती, पंपातली खराबी तशीच होती. आता फक्त मला नेहमी त्याच बाजूने खोचायचं. विसरायला नको म्हणून भूमिकाने माझ्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "टिकली वर," असं घरात सगळे म्हणू लागले. तीन माणसांच्या जिवाची राखण एका टिकलीवर आली. मला तेव्हा हे कळत होतं. भूमिकालाही कळत होतं. ठिपका देताना तिचा हात थोडा थांबला होता.

एक दिवस दुपारी तिने मला काढून तिथे मोबाइल चार्जिंगला लावला. हसू नका, पण तिला 'कूलरमध्ये करंट का येतो' हाच व्हिडिओ बघायचा होता. तेवढ्यात रुची उकाड्याने रडत उठली. भूमिकाने चार्जर ओढला, मला न बघता खोचलं आणि दूध तापवायला गेली.

टिकली खाली होती.

रुची अंगणातल्या बादलीत हात बुचकळून आली. कूलरसमोर उभं राहून 'आ' करायचं, आवाज थरथरतो ते ऐकायचं, हा तिचा खेळ. त्यासाठी ती जाळी धरायची. तिने ओल्या हाताने जाळी धरली. 'आ' निघाला तो खेळातला नव्हता.

दारात गहू निवडत बसलेल्या सुशिलाबाई धावल्या. त्यांनी आधी बटण बंद केलं आणि मग नातीला उचललं. डॉक्टरांनी पोरगी तपासली, तासभर बसवून ठेवली आणि ठीक आहे म्हणून घरी सोडली. बोटांच्या टोकांवर फक्त दोन पांढरे डाग.

घरी येऊन सुशिलाबाई खाली बसल्या. "माह्याच हातानं झालं. सकाळी झाडताना मीच काढला होता तो. मले टिकली दिसतच नाही बरोबर."

त्यांनी सकाळी मला नीटच लावलं होतं. हे दोघांनाच माहीत, मला आणि भूमिकाला. मला बोलता येत नव्हतं. भूमिकाला येत होतं. ती पाण्याचा पेला सासूच्या हातात देत म्हणाली, "जाऊ द्या आई, होतं असं."

त्यानंतर दोन दिवस सुशिलाबाईंनी एकाही बटणाला हात लावला नाही. संध्याकाळी भूमिका दुकानातून सामान घेऊन परत येईपर्यंत त्या अंधारातच बसून राहायच्या. रुची मांडीवर चढायला आली की म्हणायच्या, "जा, आईजवळ जा. आजीचा हात चांगला नाही." मी कूलरवर उपडा पडून हे बघायचो. भूमिकाही बघायची.

तिसऱ्या दिवशी गोंदियाहून अतुल आला, आयटीआय झालेला वायरमन. दुर्गाप्रसादही मागे हात बांधून उभे होते. अतुलने मला उघडलं.

"अर्थची पिन कोणं काढली हे?"

दुर्गाप्रसाद अंगणातल्या चपलांकडे पाहू लागले. सुशिलाबाई म्हणाल्या, "आमी अडाणी माणसं, बाबू. काढली असन मीच. उलटाबी मीच लावला."

"नाही," भूमिका म्हणाली. आवाज इतका बारीक, की अतुलने मान वर केली. "पिन मी काढली. ती कशाला असते ते माहीत असून काढली. त्या दुपारीही मीच लावला, मोबाइलसाठी काढला होता. आईंनी बरोबर लावला होता."

सुशिलाबाई सुनेकडे वळल्या.

"दोन दिवस मले अंधारात बसू देलं तू?"

सुशिलाबाई उठल्या, रुचीला कडेवर घेतलं आणि आत गेल्या. त्या रात्री त्या सुनेशी बोलल्या नाहीत.

अतुलने नवा बोर्ड बसवला, पंप बदलला, अंगणात खड्डा करून अर्थिंग केलं. काम चालू असताना भूमिका त्याला विचारत होती, हे कशाला, ते कशाला. माहीत असलेलंही विचारत होती, मोठ्याने, दुर्गाप्रसादांच्या देखत. तेही खाली बसून ऐकत होते.

आता कूलरला नवा प्लग आहे, तीन पिनांचा. मी कपाटात स्क्रूंच्या डब्यात असतो. गल्लीतल्या बायका भूमिकाला मिक्सरचं, इस्त्रीचं विचारायला येतात. तेव्हा ती मला बाहेर काढते, माझं रिकामं भोक दाखवते आणि म्हणते, "सांगते, पण आधी मी काय केलं ते ऐका." मला फार लाज वाटते. तिलाही वाटते, दर वेळी कान लाल होतात. तरी ती एक शब्द गाळत नाही.

सुशिलाबाई आता बटणं लावतात. पण दाबण्याआधी अजून हाक मारतात, "भूमिका, दाबू का?" ती कधी तव्यावरची पोळी तशीच सोडून, कधी साबणाचे हात पुसत, जिथे असेल तिथून उठून जाते. लांबून उत्तर देत नाही.

वाचकहो, सल्ला जरूर विचारा. पण तुम्हाला जे माहीत आहे ते सासूसमोर, शेजाऱ्यासमोर, आवाज कापला तरी बोला. आणि मला भंगारात देऊ नका. कोणी तरी रिकाम्या भोकात खिळा ठोकून मला पुन्हा चालवायला घेईल. हिरव्या वायरशिवायही मी चालतो, हीच भीती आहे.