टाळ्यांचा ठराव

शिंपीणबाई निवडून आल्या तेव्हा गल्लीला वाटलं, आता आपलंही कुणी ऐकेल. नगरसभेत त्यांच्या जमातीचं दुसरं कुणीच नव्हतं. फोटो काढायचा असला की त्यांना हाताला धरून पुढे आणत. फोटो झाला की खुर्ची पुन्हा दाराशी.

आज त्यांच्या गल्लीतला एकुलता एक नळ काढून तिथे गाड्या उभ्या करण्याचा ठराव होता. बाई उठल्या. त्यांनी कुणाची भीडभाड ठेवली नाही. "आम्ही काय वारा पिऊन जगायचं?" असं थेट अध्यक्षांनाच विचारलं. मग अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

"फार छान बोललात, ताई," अध्यक्ष म्हणाले आणि कारकुनाकडे वळले. "लिहा, तिथल्या लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं. ठराव मंजूर. पुढचा विषय."

बाई खाली बसल्या. राग यायला हवा होता, पण आलाच नाही. सभा संपल्यावर पिशवी काखोटीला मारून त्या घरी आल्या.

सासूबाई नळाशीच उभ्या होत्या. "बोललीस का गं?"

"बोलले."

"मग?"

"सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"बघ, मी म्हणत नव्हते!" म्हातारी हरखली आणि नळ वाचला म्हणून दारोदार सांगत सुटली.

बाईंनी तिला थांबवलं नाही. घरातली होती नव्हती तेवढी भांडी बाहेर आणली आणि एकेक करून नळाखाली लावायला घेतली.