दोन रिंगा

फिल्टरच्या तोंडावर रिंग नव्हती.

मास्तरने तो बरबटलेला जुना फिल्टर उजेडात धरला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. ऑइल बदललं की जुना फिल्टर पालथा घालून ठेवायचा, आतलं तेल निथळू द्यायचं आणि दुपारी जेवायच्या आधी भंगाराच्या ड्रममध्ये टाकायचा, हा त्याचा नेम. आज टाकता टाकता बोटांना काहीतरी वेगळं लागलं म्हणून तो थबकला. जिथे काळी रबरी रिंग बसलेली असते, तिथे नुसती खाच होती.

त्याने ट्रेमधल्या काळ्या तेलात मनगटापर्यंत हात घातला आणि तळ चाचपला. मग गुडघ्यांवर बसून फरशी बघितली, बाकाखाली वाकून बघितलं, झाडूने कोपरे ओढून काढले. शोधत असतानाही त्याला माहीत होतं की रिंग इथे नाही. ती कुठे आहे हेही माहीत होतं. ती ताईच्या गाडीच्या इंजिनाला चिकटून राहिली होती. तिच्यावरच त्याने नवा फिल्टर नव्या रिंगेसकट आवळून बसवला होता, आणि ती गाडी घेऊन ताई अर्ध्या तासापूर्वीच घाटाच्या रस्त्याला लागली होती.



एकावर एक दोन रिंगा बसल्या तर सुरुवातीला काहीही होत नाही, आणि घात होतो तो त्यामुळेच. गाडी जागेवर चालू करा, खाली वाकून बघा, थेंबसुद्धा गळत नाही. मास्तरने सकाळी वाकून बघितलं होतं. पण गाडी पळायला लागली, चढावर इंजिनाने जोर धरला, की आतल्या दाबाने एक रिंग सरकते आणि सगळं ऑइल बाहेर पडतं. मग लाल दिवा लागतो. दिवा दिसताच थांबलं नाही तर इंजिन जाम. इंजिन जाम झालं की स्टिअरिंग वळता वळत नाही आणि ब्रेक दाबला तर पाय दगडावर दाबल्यासारखा वाटतो. सपाट रस्त्यावर माणूस यातून निभावून जातो. घाटात एका बाजूला डोंगर असतो आणि दुसऱ्या बाजूला काहीच नसतं.

त्याला सगळे मास्तर म्हणत ते उगाच नाही. गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलायचं, या विषयावर तो कोणालाही, कधीही, न विचारता शिकवणी देत असे. "दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष. जे आधी होईल ते. आणि गाडी उभी असली तरी वर्ष म्हणजे वर्षच. उभ्या गाडीतलं तेलही म्हातारं होतं." गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि दोन वर्षांनी यायची. त्यांना वाटायचं, केवढा शिस्तीचा माणूस. खरं सांगायचं तर मास्तर मुळात भित्रा. वाटेत बंद पडलेली गाडी नुसती दिसली तरी त्याच्या छातीत धस्स व्हायचं. त्या भीतीपायी तो इतका काटेकोर झाला होता, आणि उभ्या हयातीत त्याच्या हातून निघालेली एकही गाडी त्याच्या चुकीने अडली नव्हती. बढाई मारावी असं त्याच्याकडे एवढंच होतं.

ताईची गाडी भावोजींची. भावोजी गेले तेव्हापासून तीन वर्षं ती दारात कापडाखाली झाकून होती. मास्तरने कितीदा म्हटलं, निदान ऑइल तरी बदलून ठेवतो. ताई हात लावू द्यायची नाही. मग भाचीला दिवस गेले, ती घाटापलीकडे राहणारी, आणि एके दिवशी ताईनेच कापड काढलं. "मला शिकव," ती म्हणाली. या वयात आणि इतक्या उशिरा. मास्तरने गॅरेजच्या जीपवर तिला मोकळ्या मैदानात शिकवलं. ती घाबरायची, रडकुंडीला यायची, उतरून घरी निघायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायची. आज ती पहिल्यांदा गावाबाहेर एकटी निघाली होती. भाचीचे दिवस भरत आले होते.

आणि सकाळी नेमका एक टॅक्सीवाला आला. मास्तर गाडीखाली, जुना फिल्टर नुकताच सोडवलेला, आणि हा डोकावून विचारतो, "मास्तर, माझं ऑइल अजून चालेल ना?" झालं. मास्तर अर्धा बाहेर आला आणि सुरू झाला. फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या तोंडावरून एक बोट फिरवायचं असतं, जुनी रिंग मागे राहिली नाही ना हे बघायला. तीन वर्षांच्या शिळ्या तेलात रिंग हमखास चिकटते. ते बोट मास्तरने टॅक्सीवाल्याला 'एक वर्ष' दाखवायला वर केलं होतं.

गॅरेजचा मालक शेठ जेवणाचा डबा उघडत होता. "काय शोधतोयस रे मघापासून?"

"रिंग."

शेठ स्वतः नट-बोल्टचे पाने फिरवूनच वर आलेला, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. "आत राहिली? कुठल्या गाडीची?"

"ताईच्या."

शेठने डबा बंद केला. "फोन लाव."

मास्तरने लावला. वाजत राहिला, वाजून थांबला. ती उचलणार कशी? गाडी चालवताना फोन पिशवीत आणि पिशवी मागच्या सीटवर, वाजला तरी वळून बघायचं नाही, हे त्यानेच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. पुन्हा लावला तेव्हा वाजलाही नाही. म्हणजे गाडी घाटात शिरली होती, तिथे रेंज नसते.

मग त्याने भाचीला लावला.

"ताई पोचली का गं?"

"नाही रे मामा, अजून कुठे? का? आवाज असा का येतोय तुझा?"

"जेवतोय. घास आहे तोंडात."

"आई नीट चालवते ना रे? मला रात्रभर झोप नाही. हे म्हणत होते, आपण आणायला जाऊ, तर ऐकायला तयार नाही."

"फार छान चालवते," मास्तर म्हणाला. "तू पडून राहा." त्याने फोन ठेवला.

शेठने जीपची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "निघ. आणि ऐक, रागावू नकोस. देव करो आणि ती धडधाकट असो. असली तर लगेच माझं चुकलं, माझं चुकलं करत बसू नको. तीन वर्षं उभी असलेली गाडी, काहीही होऊ शकतं. अडकलेली रिंग काढ आणि खिशात घाल. तुझ्या बहिणीचा जगात एकट्या तुझ्यावर भरवसा उरलाय. तो कशाला घालवतोस?"

वाईट माणूस नव्हता शेठ. मास्तरला ते पटलंही.

गाव संपेपर्यंत रस्ता कोरडा होता. नाक्यापाशी मास्तरने जीप हळू केली आणि खिडकीतून मान बाहेर काढून रस्ता बघत चालवू लागला. मागचा ट्रक हॉर्न मारून मारून थकला आणि शिव्या देत पुढे गेला. पहिल्या चढापर्यंत काही नव्हतं. मास्तरला क्षणभर वाटलं, रिंग धरून राहिली असेल. असं होतं कधी कधी. तो मनातल्या मनात त्या रबराच्या तुकड्याची विनवणी करायला लागला.

दुसऱ्या वळणावर पहिला डाग दिसला.

मग एकामागे एक डाग. मग डाग जोडले गेले आणि रस्त्याच्या मधोमध एक ओघळ सुरू झाला. जुन्या तेलाचा असता तर काळा दिसला असता. हा स्वच्छ होता, मधासारखा, सकाळी त्यानेच डब्यातून ओतलेला. प्रत्येक वळणावर ओघळ बाहेरच्या अंगाला जायचा, दरीच्या कठड्याकडे, आणि पुन्हा आत यायचा. एका वळणावर कठड्याचे दगड ढासळलेले होते. ओघळ तिथपर्यंत जाताना दिसला आणि ट्रक आडवा आल्याने पुढचं दिसेना. तो ट्रक सरकेपर्यंत मास्तरने काय काय बघितलं ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. ट्रक गेला. ओघळ आत वळला होता.

त्यानंतर मात्र तो बारीक होत गेला, सुतासारखा झाला आणि संपला. पुढे कोरडा, काळा रस्ता. गळायला काही शिल्लक नव्हतं. आता ती गाडी कोरड्या इंजिनावर चढत असणार, किंवा चढत नसणार.

मास्तरने वळण घेतलं आणि त्याला गाडी दिसली. डोंगराच्या कडेला, नाक जरासं भिंतीला टेकलेलं, मागच्या चाकांना दगड लावलेले. ताई शेजारच्या दगडावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

त्याने जीप थांबवली. ताईच उठून आली.

"तू कसा आलास? मी फोन लावत होते, लागतच नव्हता."

"लागलं नाही ना तुला कुठे?"

"मला काय धाड भरलीय." तिचा आवाज कोरडा होता. "लाल दिवा लागला रे. मला वाटलं, वळण संपलं की थांबावं, वळणावर थांबू नको असं तूच सांगितलंस. तोवर आतून खडखड झाली आणि सगळंच अडलं. स्टिअरिंगचं चाक फिरेना. दोन्ही हातांनी ओढलं. माझ्याच हातून काहीतरी झालं, छोट्या. चढावर जास्त दाबलं असणार मी. मला नाही जमायचं हे. उगाच हौस केली." तिने गाडीची किल्ली पुढे केली. "घे. विकून टाक. मी पुन्हा हात लावणार नाही."

मास्तर बॉनेट उघडून वाकला. आत सगळीकडे तेल उडालेलं होतं. फिल्टरच्या कडेने जुनी रिंग जिभेसारखी बाहेर लोंबत होती. त्याने चिमटीत धरली आणि ती सहज निघून हातात आली. हात तसाच खिशाकडे नेला असता तर झालं होतं. ताईची पाठ होती त्याच्याकडे. ती डोळे पुसत होती.

त्याला सर्वात जास्त भीती वाटली ती त्या वेळी. ओघळामागे येतानाही इतकी वाटली नव्हती. आई गेल्यावर हिने त्याला वाढवलं होतं, हाताला धरून गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी हिनेच पोचवलं होतं. गावभर सांगायची, माझ्या भावाचा हात लागला की बघायला नको. आता तिला काय सांगायचं?

"ताई," तो म्हणाला, "इकडे बघ."

त्याने रिंग तिच्यासमोर धरली. "ही सकाळी काढायची असते. मी काढली नाही. बोलत बसलो. हिच्यावर दुसरी बसवली. म्हणून तेल गेलं."

ताई रिंगेकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"म्हणजे दिवा लागला तो माझ्यामुळे नाही?"

"नाही."

"मी गिअर उशिरा टाकला, म्हणून नाही?"

"नाही ताई. तुझं काहीच चुकलं नाही. तू गाडी डोंगराच्या अंगाला घेतलीस. माझ्या हातून झालं नसतं ते."

ती गाडीपाशी गेली आणि बॉनेटच्या काठावर तिने हात ठेवला. "इंजिन गेलं?"

"गेलं."

"तुझ्या भावोजींची होती रे," ती म्हणाली, आणि मग रडली, मोकळेपणाने, त्याच्यासमोर. मास्तर रिंग हातात धरून उभा राहिला.

रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं, मागच्या सीटवरची बाळाच्या कपड्यांची गाठोडी काढून जीपमध्ये ठेवली आणि त्याच्यापुढे हात पसरला.

"जीपची किल्ली दे."

"घाट आहे ताई. मी नेतो ना."

"हात बघ तुझे."

मास्तरने बघितले. ते थरथरत होते, केव्हापासून कोण जाणे. त्याने किल्ली दिली.

ताईने सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, मागून येणारी बस जाऊ दिली. जीप हलकेच रस्त्यावर आली आणि चढाला लागली. मास्तर शेजारी बसून मागे वळून बघत होता. बॉनेट उघडी असलेली गाडी लहान होत गेली आणि वळणाआड झाली. ताईने वळून बघितलं नाही. तिचं लक्ष समोरच्या रस्त्याकडे होतं.