बाबांचा रिकामा कप

मित्रांनो, मी एक जुना कप आहे. पांढरा, निळ्या काठाचा आणि काठाला एका जागी टवका उडालेला. कपाचं आयुष्य म्हटलं की तुम्हाला वाटेल, हा आता वाफाळत्या चहाच्या गोष्टी सांगणार. तसं काही नाही. मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, पण त्या सगळ्या नोकरीत माझ्यात कुणी चहाचा थेंब ओतला नाही. कारण मी सिनेमातला कप.

माझा जन्म भट्टीतला. आम्ही सहा कप आणि सहा बशा अशी भावंडं एका दुकानाच्या काचेच्या कपाटात बसलो होतो, तिथून एका प्रॉपर्टीवाल्यानं आम्हाला उचललं. सिनेमाला लागणारी टेबलं, दिवे, पिस्तुलं पुरवायचं काम ज्याच्याकडे असतं त्याला प्रॉपर्टीवाला म्हणतात. नावावरून मोठी इस्टेट वाटते, पण या माणसाची सारी इस्टेट एका पत्र्याच्या पेटीत मावायची. त्याला सगळे मामा म्हणत. माझी भावंडं एकेक करून गेली. त्यातले दोघे नवरा-बायकोच्या भांडणाच्या एकाच प्रसंगात भिंतीवर आपटून फुटले. त्यांचं काम फार गाजलं म्हणतात. मला असलं गाजणं नको होतं, आणि ते माझ्या वाट्यालाही आलं नाही, कारण माझ्या वाट्याला बाबा आले.

बाबा म्हणजे सिनेमात बाप होणारा माणूस. पहिल्यांदा ते नायकाचे वडील झाले तेव्हा ऐन तिशीत होते. केस तेवढे अकाली पिकलेले. नायक त्यांच्याहून वयानं मोठा. प्रसंगात तो यांच्या पाया पडायचा आणि 'कट' झालं की म्हणायचा, "अरे, जरा पाणी दे रे." पण एकदा बाबा हे नाव पडलं ते पडलंच. घरी त्यांना एकच मुलगी, आणि बाहेर बाबा म्हणणारे शंभर.

सिनेमात कप रिकामा का ठेवतात, तेही सांगून टाकतो. खरा चहा निवतो, त्यावर साय धरते, कपड्यांवर सांडतो. शिवाय एकच घोट दहा वेळा घ्यावा लागला की कपातला चहा एका क्षणी काठोकाठ दिसतो आणि पुढच्याच क्षणी तळाला गेलेला. तेव्हा आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा कारभार. बहुतेक नट मला उचलायचे आणि पाण्याचा ग्लास रिचवावा तसे तोंडाला लावून खाली ठेवायचे. कुणी मला हातात धरून इतके हातवारे करायचे, की खरा चहा असता तर समोरची नायिका भाजून निघाली असती.

बाबांचं तसं नव्हतं. ते आधी मला दोन बोटांनी कानाला धरून तोलायचे. मग भरल्या कपाचं वजन मनगटात आणायचे. पहिल्या घोटाला ओठ पुढे काढून फुंकर घालायचे, दुसरा घोट जरा धीटपणे घ्यायचे, आणि शेवटच्या घोटाला मान मागे टाकून मला पुरता कलता करायचे. गळ्यातला कंठमणीसुद्धा बरोबर हलायचा. "मामा," ते म्हणायचे, "कपात काही नाही हे फक्त तुला, मला आणि कपालाच ठाऊक असायला हवं." त्यात मला धरलं, याचा मला फार अभिमान वाटला.

आणि गंमत ऐका. घरी खरा चहा समोर आला की हा माणूस हमखास तोंड भाजून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी मामाला जीभ काढून दाखवायचा. "बायको म्हणते, अहो, पडद्यावर एवढं फुंकता, घरी काय होतं तुम्हाला?"

त्यांची एक खुबी होती. वाईट बातमी येते तेव्हा बाकीचे नट दचकायचे, छातीला हात लावायचे, भिंत धरायचे. बाबा चहा पीत असायचे. बातमी कानावर पडली की ओठांकडे निघालेला कप अर्ध्या वाटेत थांबायचा. बस्स. मी हवेत, बशी खाली, आणि बाबांचा हात असा स्थिर की माशी बसली तरी हलू नये. नायिका डोळ्यांत औषध घालून रडायची, पण थिएटरातली माणसं माझ्याकडे बघत बसायची. मग दिग्दर्शकच सांगू लागले, "बाबा, तो तुमचा कप थांबवा ना." रस्त्यात एका बाईंनी त्यांना अडवून विचारलं होतं, "तुम्ही तेच ना, चहा पिता पिता थांबणारे?" नाव बाईंना आठवेना. बाबांना त्याचंही काही वाटलं नाही. "नावात काय ठेवलंय," ते मामाला म्हणाले, "कप तर आठवला!" तेव्हापासून मामानं मला जुन्या मफलरात गुंडाळून वेगळं ठेवायला सुरुवात केली. दुसऱ्या कुणी मागितलं तर म्हणायचा, "तो बाबांचा आहे. तुम्ही दुसरा घ्या."

मग सिनेमाचे दिवस पालटले. नायकांना वडीलच असेनासे झाले. आई-बाप आधीच वारलेले, नायक एकटा, म्हणजे तेवढंच एक पात्र कमी. बाबा घरी बसले आणि मी पेटीत पडलो. पेटीत माझे हाल कुत्रा खाईना. कुणी माझ्यात खिळे ठेवले, कुणी रंगाचा ब्रश बुडवला, आणि त्याच काळात एका पिस्तुलाच्या धक्क्यानं माझ्या काठाचा टवका उडाला. मी तक्रार करत नाही. चिनी माती वाट बघण्यात पटाईत असते.

पुढे घरोघरी मालिका आल्या. रोजच्या मालिकेला घर लागतं, घराला सोफा लागतो, आणि सोफ्यावर बसायला आजोबा लागतात. बाबांना बोलावणं आलं. मामानं मला घासून पुसून बाहेर काढलं. बाबांनी टवक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "काय रे, तुझाही दात पडला वाटतं!" मी बोलू शकलो असतो तर तेव्हा बोललो असतो. फार बरं वाटलं मला.

आजोबांना संवाद थोडे. "सूनबाई, जरा ऐक" आणि "आमच्या वेळी असं नव्हतं", एवढ्यावर महिने निघायचे. पण बाबा रोज वेळेआधी येत. मुलीचं शिक्षण होऊन ती दूर आपल्या संसारात रमली होती. घरी ते आणि त्यांची बायको. "कामावर आलो नाही तर मी कोण, हे मलाच आठवत नाही," असं एकदा ते मामाला म्हणाले होते. त्यांचं सगळं त्या सोफ्यावरच्या जागेत होतं. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

एके दिवशी कानाला यंत्र लावून आवाज टिपणाऱ्या साउंडवाल्यानं हात वर केला. "काहीतरी वाजतंय."

पंखा बंद केला. तरी वाजतंय. सूनबाईच्या कानातली काढायला लावली. तरी वाजतंय. कॅमेरावाल्याच्या खिशातून किल्ल्या निघाल्या, त्याला सगळ्यांनी शिव्या घातल्या, आणि तरीही वाजतंय. मित्रांनो, वाजत मी होतो. बाबांचा हात थरथरत होता आणि मी माझ्या बशीवर खुळखुळ खुळखुळ करत होतो. रिकामं भांडं जास्त वाजतं म्हणतात ते खोटं नाही. ज्या माणसानं मला नाव मिळवून दिलं त्याची चहाडी मीच करत होतो. मला लाज वाटली.

बाबांना कळलं होतं. मामालाही कळलं. संध्याकाळी त्यानं माझ्या बुडाला मखमलीचा गोल तुकडा चिकटवला. जन्मभर अनवाणी राहिलेल्या मला म्हातारपणी पायताण मिळालं. खुळखुळ थांबली. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबा आता मला डाव्या हातानं उचलत, उजवा मांडीखाली दाबून ठेवत. मधल्या सुट्टीत मामाशी गप्पाही पूर्वीसारख्याच. "मामा, आमच्याकडे हल्ली अर्धाच कप चहा मिळतो बघ. पुरा दे म्हटलं तर म्हणते, दूध कमी आहे."

"वय झालं की बायका चिकट होतात," मामा म्हणाला, आणि दोघं हसले.

पण कान फसले तरी कॅमेऱ्याचा डोळा फसत नाही. एकदा दिग्दर्शक आणि लेखक माझ्याच टेबलाशी उभे राहून बोलत होते. कपासमोर काय बोलायचं नि काय नाही, याचा कुणी विचार करत नाही.

"काका थकलेत," दिग्दर्शक म्हणाला. तो तरुण होता. बाबांना काका म्हणायचा. "आजोबांचं काय करू या?"

"परदेशी पाठवू. मुलाकडे."

"मग परत आणायची भानगड. त्यापेक्षा भिंतीवर तसबीर लावू."

"लगेच नको," लेखक म्हणाला. "नातवाच्या अपघाताचा प्रसंग येतोय. त्यात कसे उभे राहतात ते बघू, मग ठरवू."

तो प्रसंग आला. नातवाला अपघात झाल्याचा फोन येतो, सूनबाई ओरडते, आणि आजोबा चहा पीत असतात. दिग्दर्शक उत्साहानं म्हणाला, "काका, तुमचा तो जुना कप थांबवा. लहानपणी बघितलंय मी. आणि उजव्याच हाताने हं, कॅमेरा त्या बाजूला आहे."

बाबांनी मला उजव्या हातात घेतलं. पूर्वीसारखं तोललं, फुंकर घातली. सूनबाई ओरडली. मी अर्ध्या वाटेत थांबलो. म्हणजे थांबायला हवं होतं. मी थरथरत राहिलो. बाबांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी सगळं बळ मनगटात आणलं, तसा मी अधिकच हलू लागलो, आणि शेवटी खाली येताना बशीच्या काठावर आपटून टणकन वाजलो.

"कट!" दिग्दर्शक धावत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "काका, कमाल! काय हात थरथरवलात हो! असं काम आजकाल कुठे बघायला मिळतं!" टाळ्या पडल्या. साउंडवाल्यानंही वाजवल्या. बाबा मान खाली घालून बसले होते, आणि लोकांना तो विनय वाटला.

मग दिग्दर्शक म्हणाला, "फक्त एकदा अजून करू. हात जरा कमी थरथरवा. थोडं जास्त होतंय."

पुन्हा केलं. जास्तच झालं. तो म्हणाला, "कमी, काका, कमी." पुन्हा केलं. लोक म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मी सांगतो, स्थिर हाताचंही आणता येत नाही. आयुष्यभर रिकाम्या कपात चहा दाखवणाऱ्या त्या माणसाला आपला हात तेवढा स्थिर दाखवता येईना.

बाबांनी मला सावकाश खाली ठेवलं. "बाळा," ते म्हणाले, "हे कमी व्हायचं नाही. हे मी करत नाहीये."

दिग्दर्शकाला कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. "आधी सांगायचं ना, काका."

"आधी सांगितलं असतं तर आधी गेलो असतो."

पहिलाच टेक दाखवला गेला. घरोघरी लोक हळहळले, म्हणाले, काय अभिनय आहे! आणि त्याच महिन्यात आजोबा वारले. सोफ्याच्या वर बाबांची तसबीर लागली. बाबा ती बघायला मुद्दाम आले, डोकं तिरकं करून उभे राहिले. "बरी आहे," मामाला म्हणाले. "हिला पुष्कळ कामं मिळतील. हिचा हात हलत नाही." मामा हसला नाही. त्यानं मला मफलरात गुंडाळून बशीसकट बाबांच्या पिशवीत ठेवलं.

असा मी आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या घरात आलो. लहान स्वयंपाकघर, खिडकीशी टेबल, दोन खुर्च्या. बाबांच्या बायकोनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हाच का तो?" म्हणाली, आणि गरम पाण्यानं धुऊन टेबलावर ठेवलं. शेगडीवर चहा उकळत होता. शेजारी दुधाचं पातेलं होतं. मित्रांनो, ते पातेलं काठोकाठ भरलेलं होतं.

तिनं माझ्यात चहा ओतला. काय ऊब होती ती! पण मी अर्धा भरलो आणि तिनं हात थांबवला.

"अर्धाच?" बाबांनी विचारलं.

"दूध कमी आहे," ती पाठमोरी होऊन म्हणाली.

बाबांनी मला उचललं. हात थरथरत होता. माझ्यातला चहा या काठाला लागत होता, त्या काठाला लागत होता, पण एक थेंब बाहेर गेला नाही. बाबांची नजर पातेल्यावर गेली. तिथून माझ्यावर आली. मग तिच्या पाठीवर. मी अर्ध्या वाटेत होतो, आणि तिथेच राहिलो. कुणी 'थांबवा' म्हटलं नव्हतं आणि कुणी 'कट' म्हणणार नव्हतं.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"कशाबद्दल बोलताय?" ती वळली. "प्या आता. निवेल. आणि फुंकून प्या."

ते फुंकून प्यायले. त्या दिवशी त्यांचं तोंड भाजलं नाही.

आता मी रोज अर्धा भरतो. बुडाला मखमल आहे, म्हणून वाजत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या कपांना जपा, पेटीत खिळ्यांबरोबर टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या घरात कुणाचा हात थरथरू लागला असेल, तर त्यांचा कप अर्धाच भरा. त्यांनी विचारलंच, तर दूध कमी आहे म्हणून सांगा.